गेली नाही, नेली

माझं नाव, गावाचं नाव आणि कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. मला पळवून नेलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि बालन्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने अशा मुलीची ओळख छापायला बंदी आहे. ती बंदी न पाळणाऱ्यांचा त्रास आम्ही भोगला आहे. बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीपासून जवळ असलेलं गाव, बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, आई घरी ब्लाउज शिवते, एवढं पुरे.

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा पुढे काय होणार हे सांगणारं कुणी नव्हतं. पोलीस ठाण्यात काय बोलायचं, बालकल्याण समिती म्हणजे काय, मुलगी सापडल्यावर तिला थेट घरी का सोडत नाहीत, कोर्टात किती वर्षं जातात, सगळं आम्ही ठेचा खात शिकलो. आता माझी साक्ष संपली आहे आणि मी अठरा पूर्ण केली आहेत. मी नसतानाच्या दिवसांत काय झालं ते आईच्या वहीतून घेतलं आहे. ती शिलाईच्या मापांची वही. 21 ऑगस्टनंतरच्या पानांवर मापं नाहीत, फक्त तारखा, कोण काय बोललं आणि किती पैसे गेले.

21 ऑगस्ट 2024, बुधवार. राखी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, भावासाठी आणलेल्या पेढ्यांतले दोन डब्यात होते. सकाळी पावणेआठला मी बसथांब्यावर उभी होते. पाऊस होता म्हणून थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. एक पांढरी गाडी थांबली. गाडीतल्याला मी ओळखत होते. आत्याच्या सासरच्या नात्यातला. वर्षभरापूर्वी त्याच्या घरून मला मागणी आली होती आणि ‘पोरगी शिकूलालीय’ म्हणून बाबांनी नाही सांगितलं होतं. मागच्या सीटवर एक बाई बसली होती. तो म्हणाला, “आई पडलीय मशीनवरनं उठताना. सिव्हिलला नेलंय. चल लवकर.”

मी गाडीत बसले. दार मीच उघडलं. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. पुढे दीड वर्ष ज्यानं त्यानं मला हेच विचारलं, आणि बराच काळ मीही स्वतःला तेच विचारत होते. गाडी सिव्हिलकडे वळली नाही तेव्हा मी ओरडले. बाईने माझा हात धरला. फोन त्याने आधीच ‘बाबांना लावतो’ म्हणून मागून घेतला होता.

पुढच्या सतरा रात्री मी महाराष्ट्रातल्या एका गावाबाहेर, मळ्यातल्या खोलीत होते. वर पत्रा, एक खिडकी, तिला आतून जाळी आणि बाहेरून पोत्याचा पडदा. दाराला बाहेरून कडी. ती बाई, त्याची मावशी, दिवसभर माझ्याबरोबर असायची. पहिल्या दोन दिवसांत मी दार ठोठावलं तेव्हा माझे हात ओढणीने बांधले होते. नंतर बांधले नाहीत, पण मनगटावरचे वळ बरेच दिवस राहिले. पत्र्याला खिळे किती ते मी मोजले, एकशे बारा. रोज मोजायचे. कधी एकशे अकरा यायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या बाईबद्दल एक गोष्ट सांगते. रोज सकाळी ती माझे केस विंचरायची. खोबरेल तेल लावून, गुंता सोडवत, अगदी आई सोडवते तशी हळू. आणि विंचरताना म्हणायची, “रडू नको. सगळ्याच रडतात. नांदशील बघ.” मार आठवून मला तेवढा त्रास होत नाही, जेवढा त्या हळू फिरणाऱ्या फणीने होतो. पुढे वर्षभर मी आईलाही केसाला हात लावू दिला नाही. आईला ते लागलं, पण ती काही बोलली नाही.

पाचव्या दिवशी चारपाच माणसं आली, एका फोटोसमोर मला उभं केलं आणि गळ्यात मंगळसूत्र घातलं. मी मान खाली करत नव्हते, दोघांनी धरली. तेव्हा मला वाटलं, संपलं. आता कायद्याने मी इथलीच. हे साफ खोटं होतं, आणि ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी आत्ताच लिहिते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचं 12 वं कलम सांगतं की अल्पवयीन मुलीला पालकांच्या ताब्यातून पळवून किंवा फूस लावून नेलं असेल, जबरदस्तीने लग्न लावलं असेल, तर ते लग्न मुळातच रद्दबातल. शिवाय कर्नाटकाने 2016 च्या दुरुस्तीने राज्यातले सगळेच बालविवाह मुळातून रद्दबातल ठरवले आहेत. नंतर गावातले दोघे जाणते घरी येऊन बाबांना म्हणाले, “झालंय ते झालंय, आता नांदू दे.” बाबांना कलम माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “झालंय काय? काहीच झालेलं नाही.” कायद्यानेही तेच होतं.

आता आईची वही.

बुधवारी संध्याकाळी पाचची बस आली, मी नव्हते. सहाला आई मैत्रिणींच्या घरी गेली, तेव्हा कळलं की मी कॉलेजला पोचलेच नव्हते. साडेसातला आई-बाबा जवळच्या ठाण्यात गेले. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथे सांगितलं, “चोवीस तास थांबा. पोरी जातात, येतात. कुणाशी बोलत होती का बघा.” दुसऱ्या ठाण्यात सांगितलं की तो बसथांबा आमच्या हद्दीत नाही. आईने वहीत लिहिलंय: ‘9.40. दोन ठाणी झाली. कुणी लिहून घेतलं नाही.’

चोवीस तास थांबायचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. उलट 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगून ठेवलंय की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असंच धरून एफआयआर नोंदवायचा. आणि हद्दीचं म्हणाल तर, जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात हद्द कुठलीही असो, तक्रार घेऊन नंतर योग्य ठाण्याकडे पाठवावी असं आहे. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हे आम्हाला मामाने सांगितलं. तो वकिलाकडे कारकून आहे. गुरुवारी दुपारी तो खानापूरहून आला, निकालाचा कागद छापून घेऊनच. भांडला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “साहेब, एवढं वाचा, मग नाही म्हणा.” गुरुवारी रात्री आठला तक्रार नोंदवली गेली. छत्तीस तास गेले होते. रात्रीच्या रात्री 112 ला (पोलीस) किंवा 1098 ला (मुलांची हेल्पलाइन) फोन करता आला असता, त्या कॉलचीही नोंद राहते, हे नंतर कळलं.

ठाण्यात जाताना जवळ काय असावं, तर मुलीचा अलीकडचा फोटो, दहावीचं मार्क्स कार्ड, जन्माचा दाखला, आधार आणि तिचा फोन नंबर. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेची किंवा बोर्डाची जन्मतारीख धरतात, ती नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. माझं एसएसएलसीचं मार्क्स कार्ड आईच्या ट्रंकेत साडीच्या घडीत होतं. त्या एका कागदामुळे ‘पोरगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेली’ हा बचाव पुढे उभाच राहू शकला नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे मुख्यतः लिहिते आहे ती.

बाबांनी मराठीत सांगितलं, “पोरगी सकाळी कॉलेजला म्हणून घरातनं गेली ती परत आलीच नाही.” लिहिणाऱ्याने कानडीत लिहिलं. बाबांना कानडी बोलता येतं, बाजारापुरतं, फाउंड्रीपुरतं. वाचता येत नाही. त्यांनी सही केली. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती शुक्रवारी मिळाली आणि आईने ट्रंकेत ठेवली. रविवारी माझा चुलतभाऊ आला. तो कानडी माध्यमात शिकलाय. त्याने प्रत वाचली आणि एका ओळीवर थांबला. ‘मने बिट्टु होगिद्दाळे.’ घर सोडून गेली आहे.

बाबांच्या वाक्यातलं ‘घरातनं गेली’ कागदावर ‘घर सोडून गेली’ झालं होतं. आईने त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली आहे: ‘गेली नाही, नेली.’

मला यात भाषेचं भांडण करायचं नाही. सीमाभागात आम्ही दोन्ही भाषांत जगतो आणि पुढे मला सगळ्यात जास्त धीर दिला तो एका कानडी बाईनेच. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही, त्याच्या लेखी ते रोजचं वाक्य होतं. पण सही आपली असते. सही करण्याआधी ‘मराठीत वाचून दाखवा’ म्हणा. वाचून दाखवणं हा त्यांचा नियमच आहे. बरोबर कानडी वाचणारं कुणीतरी न्या, शेजारचा शाळकरी पोरगाही चालेल.

सोमवारी मामाने साध्या कागदावर अर्ज लिहिला: तक्रारदाराचं म्हणणं असं असं होतं, ते चुकीचं उतरलं आहे, पुरवणी जबाब घ्यावा. अधिकारी म्हणाले, तपासात येईल सगळं. मामाने दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. शिक्का मारायला अडीच तास बसवलं. तो शिक्का मारलेला कागद चौदा महिन्यांनी कामाला आला. ठाण्यात, समितीत, कोर्टात, कुठेही काही लेखी दिलं तर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

त्या दिवसांत बाबांनी माझा फोटो, नाव, कॉलेज आणि नंबरासह ‘बेपत्ता’ म्हणून व्हॉट्सॲपवर टाकला. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण मी परत आल्यावरही तो फोटो फिरत राहिला. परवापरवापर्यंत कुणीतरी आईला पाठवायचं, “ही तुमचीच ना?” एका पेपरात गावाचं नाव, बाबांचा धंदा आणि ‘प्रेमप्रकरणाचा संशय’ असं छापून आलं. आता कुणी विचारलं तर मी सांगते की फोटोखाली तारीख आणि पोलीस ठाण्याचा नंबर टाका, स्वतःची माहिती कमीत कमी ठेवा, आणि मुलगी सापडली की त्याच गटांत ‘सापडली, कृपया फोटो काढून टाका’ हेही तितक्याच वेळा पाठवा.

दुसरा आठवडा आईच्या वहीत जवळजवळ रिकामा आहे. तपास चालू आहे, कॉलचे तपशील मागवले आहेत, एवढंच उत्तर यायचं. मामाने कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात नेलं. स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायदेविषयक सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाने. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. मिळालेल्या वकीलबाईंनी धारवाडच्या हायकोर्ट पीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असं मागणारी, याचिका तयार करायला घेतली. मसुदा 6 सप्टेंबरला झाला. दाखल करायची वेळ आली नाही.

7 सप्टेंबर, गणेश चतुर्थी. सकाळपासून लांबून झांजांचा आवाज येत होता. मावशी म्हणवणारी ती बाई आरतीला गावात गेली. बांधावर कुणीतरी दूर्वा काढत होतं, बांगड्या वाजत होत्या. मी खिडकीच्या जाळीतून पोत्याचा कोपरा काडीने सारला. साठीची एक बाई होती, बरोबर नऊदहा वर्षांची पोरगी. मी हळू आवाजात म्हटलं, “आजी, मला पळवून आणलंय. माझ्या बाबांना फोन करा.” ती घाबरली. आधी निघूनच गेली. मी खाली बसले. थोड्या वेळाने परत बांगड्या वाजल्या. नातीच्या हातात बॉलपेन होता. मी एकेक आकडा सांगितला आणि तिने तळहातावर लिहिला. ओल्या हातावर शाई उठेना, म्हणून तिने हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा लिहिलं. दहा आकडे. बाबांचा नंबर मला पाठ होता, कारण पाचवीत असताना बाबांनी तो घोकून घेतला होता. मुलांना एक तरी नंबर पाठ करायला लावा, फोनमध्ये सगळे नंबर असले तरी.

सव्वा वाजता बाबांना फोन आला. बाबांनी तपास अधिकाऱ्यांना आणि 112 ला दोन्हीकडे कळवलं. पाचला महाराष्ट्राचे पोलीस आले. कडी त्यांनी उघडली. त्यांनी नोंद केली, चहा दिला, आणि कर्नाटकाचं पथक येईपर्यंत थांबायचं ठरलं. दहा वाजले. आई-बाबा भाड्याची गाडी करून मागोमाग आले, 4,500 रुपये. पथकात एक महिला पोलीस होत्या, साध्या कपड्यात. मला मराठी येतं का, कानडी येतं का काही न विचारता त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “हेदरब्याड.” घाबरू नकोस. रात्रभर त्यांना दुसरं काही म्हणावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, आता घरी. तसं होत नाही, आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर आई इतकी कोसळली नसती. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. त्यानंतर कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. दुसऱ्या दिवशी रविवार होता, समितीची बैठक नसते, तेव्हा एका सदस्यापुढेही हजर करता येतं. त्याआधी जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टर बाई होत्या. प्रत्येक गोष्टीआधी त्या विचारायच्या, करू का? मी एका तपासणीला नाही म्हटलं, त्यांनी तसं लिहिलं आणि पुढे गेल्या. मनगटावरचे वळ मोजून लिहिले. वजन 41 किलो, घरून निघताना 47 होतं.

सदस्यांनी जबाब होईपर्यंत मला मुलींच्या सरकारी वसतिगृहात ठेवायचा आदेश दिला. नातेवाईकांचा दबाव येऊ नये म्हणून असं करतात, आणि आमच्या बाबतीत आत्याकडची माणसं खरंच बाहेर उभी होती. पण रात्री तिथल्या दाराला कुलूप लागलं तेव्हा मला श्वास घेता येईना. मी ओरडले की नुसतं वाटलं ते आठवत नाही. तिथल्या काळजीवाहक बाईने दार उघडं ठेवून उंबऱ्यावर स्वतः अंथरूण टाकलं. मी जे बोलू शकत नव्हते ते तिला समजलं होतं. तुमच्या मुलीला असं ठेवलं तर समितीला तेवढं नक्की सांगा, की दार बंद झालं की तिला त्रास होतो. आणि भेटायला जाताना तिचा स्वतःचा एक ड्रेस, कंगवा, साबण न्या. आईने माझा निळा ड्रेस आणला होता. तो घालेपर्यंत मला मी असल्यासारखं वाटत नव्हतं.

सोमवारी समितीचे सगळे बसले. एक सदस्य मराठी बोलणारे होते. कुठे जायचंय हे त्यांनी मला विचारलं, आई-बाबांना नाही. मंगळवारी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला, ज्याला आधी 164 कलमाचा जबाब म्हणायचे आणि आता 183 चा. आत पोलीस थांबत नाहीत. मॅडमनी आधी सांगितलं की जबाब द्यायची सक्ती नाही, दडपण असेल तर सांग. दीड तास लागला. मी मराठीत बोलत होते, कागदावर कानडी उतरत होतं. तोपर्यंत आईने मला एफआयआरचं सांगितलं होतं. म्हणून शेवटी मी म्हटलं, वाचून दाखवा, मराठीत. त्यांनी वाचून दाखवलं. एका ठिकाणी ‘गाडीतून गेले’ होतं. मी म्हटलं, खोटं सांगून नेलं. त्यांनी दुरुस्त केलं, बाजूला सही घेतली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

गुरुवारी, 12 सप्टेंबरला, घरी आले. त्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. आमच्याकडे दुपारीच जातात. आईने संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवले होते.

पुढचं पटकन सांगते, कारण ते नुसतं थांबणं होतं. भारतीय न्याय संहितेची तीन कलमं लागली: 137 अपहरणाचं, 87 लग्नाच्या जबरदस्तीसाठी पळवण्याचं, 127 डांबून ठेवण्याचं. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते तक्रारदाराला कळवायचं असतं, आम्हाला मागावं लागलं. डिसेंबरमध्ये चार्जशीट. त्या माणसाला जामीन मिळाला आणि जानेवारीत तो मला बसस्टँडवर दिसला. काही बोलला नाही, फक्त उभा राहिला. वकीलबाईंनी त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा लिहून ठाण्यात आणि सरकारी वकिलांना अर्ज द्यायला लावला. पुन्हा तो दिसला नाही.

कॉलेजमध्ये हजेरीचा प्रश्न आला. प्राचार्यांना समितीच्या आदेशाची प्रत दाखवली, कारण विचारलं नाही, हजेरी सांभाळून घेतली. मन मात्र सांभाळायला वेळ लागला. कडीचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, खोबरेलचा वास. वसतिगृहातल्या समुपदेशक ताईंकडे सहा महिने जात होते, रात्री फारच झालं की टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करायचे. तिथे मराठीत बोलता येतं. कुणी ‘विसर आता’ म्हणालं की बरं वाटत नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

2025 मध्ये समन्स चार वेळा आलं. एकदा वकिलांचा बहिष्कार, एकदा आरोपीचे वकील आजारी, एकदा न्यायाधीश साहेबांची बदली. दर वेळी बाबांचा एक दिवसाचा पगार बुडायचा. बसला आई आणि मला, बायकांसाठीच्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेत, तिकीट शून्य, बाबांचं तेवढं पडायचं. समन्सवर आलेल्या साक्षीदाराला प्रवास-जेवणाचा भत्ता मागता येतो, हे आम्हाला चौथ्या खेपेला कळलं. आईच्या वहीत शेवटी बेरीज आहे: गाड्या, झेरॉक्स, फोटो, जेवण आणि बुडालेले पगार धरून 41,260 रुपये. वकिलाची फी त्यात नाही, कारण ती लागली नाही.

10 नोव्हेंबर 2025, सोमवार. आधी बाबांची साक्ष झाली. मला बाहेर बसवलं होतं. आरोपीच्या वकिलांनी एफआयआरची तीच ओळ पुढे केली: मुलगी घर सोडून गेली असं तुम्हीच लिहून दिलंय. बाबा नंतर सांगत होते की त्यांना घाम फुटला. मग सरकारी वकिलांनी 26 ऑगस्टचा अर्ज दाखवला, शिक्क्यासह.

साडेबाराला मला बोलावलं. सरकारी वकिलांनी विनंती केली होती म्हणून खोली रिकामी केली आणि मध्ये पडदा लावला, मला तो माणूस दिसत नव्हता. आदल्या आठवड्यात त्यांनी माझा जुना जबाब मला वाचायला दिला होता. तो मागून वाचाच. चौदा महिन्यांनी तारखा सरकतात. उलटतपासणी पावणेदोन तास चालली. ओळखीचा होता ना? हो. दार तू उघडलंस? हो, मीच. कुणी ओढलं नाही? नाही. मग स्वतःहून गेलीस? मी म्हटलं, “आई सिव्हिलमध्ये आहे म्हणून सांगितलं. म्हणून बसले.” त्यांनी तोच प्रश्न पाच वेगळ्या तऱ्हांनी विचारला. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणायचं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, आणि पाणी मागायचं. मी तिन्ही केलं. वकीलबाईंनी एक गोष्ट आधीच समजावली होती: अठरा वर्षांखालच्या मुलीला पालकांच्या संमतीशिवाय नेलं किंवा फूस लावली तर तो गुन्हाच, तिने दार स्वतः उघडलं असलं तरी. ते माहीत होतं म्हणून ‘हो, मीच उघडलं’ हे मला मान वर करून सांगता आलं.

निकाल अजून लागायचा आहे. नुकसानभरपाईचा अर्जही प्राधिकरणाकडे आहे.

साक्ष संपल्यावर टंकलेखकाने कागद पुढे केले. चार पानं, कानडीत. तीन वाजत आले होते, साहेबांना जेवायला जायचं होतं, सगळे उभे राहिले होते. मी म्हटलं, मराठीत वाचून दाखवा. दुभाष्याने पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या पानावर मी त्याला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. बरोबर होतं. मग सही केली.

बाहेर बाबा पायरीवर बसले होते, डबा न उघडता. आत काय विचारलं, काय झालं, त्यांनी काही विचारलं नाही.

“वाचून घेतलीस न्हवं?”

“दोनदा,” मी म्हटलं.